सगुणामावशींच्या डाव्या हाताची खुर्ची

चर्चमधलं प्रवचन कुणाच्या किती लक्षात राहतं देव जाणे, पण नंतरचे गोंधळ मात्र सगळ्यांना पाठ! आमचं तर धड चर्चही नाही. पुण्याजवळ लवळे गावात मारुतीअण्णांच्या घरावरचा हॉल भाड्यानं घेतलाय, तिथं रविवारी पंधरा-वीस जण जमतो. बरेचसे आयटीवाले, एक नर्स, आणि मी, कॉलेजच्या हॉस्टेलची वॉर्डन. पोरींवर ओरडून ओरडून आवाज असा झालाय की मला माइक लागत नाही.

आमच्यात एक पद्धत आहे. उपासना संपली की खुर्च्या गोल मांडायच्या. प्रत्येकानं आपली प्रार्थनेची विनंती सांगायची आणि त्याच्या डाव्या हाताला बसलेल्यानं ती मोठ्यानं देवापुढे मांडायची. नोकरी, व्हिसा, गुडघे, सगळं चालतं. नाही म्हणायचं नाही, हा नियम!

*

एका रविवारी पास्टरांनी विषय घेतला गर्भपाताचा. "जीव देणारा देव, घेणाराही देवच!" सगळ्यांनी माना डोलावल्या. पाच मिनिटांत एकमत!

मागून आमची नर्स शालिनी उठली. "पास्टर, परवा एक बाई आली. गर्भ नळीत राहिलेला. थांबलो तर आईच जाणार. तिथं काय करायचं?"

पास्टर म्हणाले, "अशा वेळी... प्रार्थना करायची, सिस्टर."

"केली ना! प्रार्थना करतच तिला ऑपरेशनला ढकलत नेली!"

त्या दिवशी शेवटचं गाणं कुणाच्याच सुरात नव्हतं.

*

पुढच्या रविवारी विषय फाशीचा. नगरचा सुनील तावातावानं म्हणाला, "ज्यानं जीव घेतला त्यानं जीव द्यावा!" पास्टर म्हणाले, "खुन्यालाही पश्चात्तापाची संधी द्यायला हवी." दोघं शास्त्रातली वचनं एकमेकांच्या अंगावर फेकायला लागले.

मारुतीअण्णा पाण्याची टाकी बघायला वर आले होते. दारातच थांबले. "पोटातल्याला मारायचं न्हाई म्हनून मागल्या टायमाला एका सुरात वरडत हुता. आता मोठ्याला मारायचं का न्हाई, यावर भांडताय व्हय?"

कुणी हसलं नाही, कारण कोपऱ्यात सगुणामावशी बसल्या होत्या. त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, सॅमीला, जमिनीच्या दलालीतल्या भागीदारानं नुकतंच कोयत्यानं मारलं होतं. भागीदार कसला, जिवाभावाचा मित्र! सॅमी त्याच्या लग्नात नाचला होता. मित्र आता तुरुंगात होता.

"झालं का तुमचं?" मावशी म्हणाल्या. "मग मांडा खुर्च्या."

*

मावशींची विनंती एका ओळीची. "त्याला फाशी हू दे."

डाव्या हाताला कोण? सुनील! मघाशी एवढा तावातावानं बोलणारा, आता बायबलची पानं चाळत बसला. शेवटी पुटपुटला, "प्रभू, तुझी इच्छा पूर्ण होवो."

मावशींनी डोळे उघडले. "त्याची इच्छा त्याला ठावं हाय. माझी सांग म्हनलं हुतं!"

*

तेव्हापासून दर रविवारी तीच विनंती. आणि दर रविवारी खुर्च्या मांडताना जी धावपळ व्हायची! कुणाला नेमका फोन यायचा, कुणाची गाडी आडवी लागलेली असायची. मी चहाचं काम अंगावर घेतलं. मावशींच्या डाव्या हाताची खुर्ची रिकामीच राहायला लागली. त्या मग स्वतःच मान खाली घालून म्हणायच्या, "मीच सांगते त्याला."

मला त्यांचा रागही यायचा आणि चहाचा पहिला कपही मी त्यांनाच नेऊन द्यायचे. पास्टर तर धास्तीनं शनिवारपासूनच जेवायचे नाहीत, असं त्यांची बायको सांगायची.

*

मग एका रविवारी रिहे गावाहून एक पोरगी आली. डोक्यावर पदर, चेहरा उतरलेला. तिला डाव्या हाताचा नियम काय माहीत? रिकामी दिसली त्या खुर्चीत बसली. मावशींच्या डाव्या हाताला! तिच्या पलीकडे मी.

मावशींनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा दगड झाला. ती पूजा होती. सॅमीला मारणाऱ्या त्या मित्राची बायको.

सुरुवात मावशींपासून व्हायची होती. म्हणजे नवऱ्याला फाशी होऊ दे, अशी प्रार्थना आता बायकोनं करायची! पास्टर उठायला लागले. मावशींनी हातानंच त्यांना बसवलं.

"आधी हिला बोलू द्या."

पूजा खाली बघत म्हणाली, "तीन म्हैने झाल्यात मला. म्हायेरचे म्हनत्यात, पाडून टाक, खुन्याचं पोर कोन संबाळनार? मला न्हाई पाडायचं. हितं कुनाचं बी मागनं मांडत्यात म्हनं, म्हनून आले."

आता पाळी माझी. माझा तो मोठा आवाज कुठं गेला कुणास ठाऊक!

"शीला, सरक तिकडं." मावशी उठल्या, खुर्ची उचलून आमच्या दोघींच्या मधे ठेवली आणि पूजाच्या डोक्यावर हात ठेवला. "बापा, हिचं लेकरू धडधाकट येऊ दे. त्याला कुनी खुन्याचं म्हनू नये. आमेन."

"आमेन!" सगळा हॉल एकदम म्हणाला. सुनील रडत होता. पास्टरांनी चष्मा काढला. सुटलो बाई एकदाचे, असं म्हणत मी चहा टाकायला उठले.

"बस खाली," मावशी म्हणाल्या. त्यांचा एक हात अजून पूजाच्या डोक्यावरच होता. आणि त्यांच्या डाव्या हाताला आता मी होते.

"माझी राहिली न्हवं. तीच हाय, जुनी. कर प्रार्थना."