बारा ड्रोन आणि एक लाइफ जॅकेट

माझी शेवटची पोस्टिंग पुण्यात होती. इंजिनिअर्सची तुकडी, हुद्दा सुभेदार. काम नवीन होतं: बारा छोटे ड्रोन. एकालाही पायलट नाही. बाराही जण आपापसात बोलून इलाका वाटून घेत आणि स्वतःच शोध घेत. सॉफ्टवेअर खराडीतल्या एका कंपनीचं. त्यांची इंजिनिअर केतकी रोज सकाळी सातला मैदानावर हजर असे. बडबड सोडली, तर मी तिला फौजेत घ्यायला तयार होतो.

तीन महिने सराव केला. लान्स नाईक अमोल कांबळे नारिंगी लाइफ जॅकेट घालून झुडपात पडून राहायचा, ड्रोन त्याला शोधायचे. सापडला की बाराही परत. कांबळे विश्रांतवाडीचाच. म्हणायचा, "साहेब, आता आईनं भाजीला पाठवलं तरी वरून कुणीतरी बघतंय असं वाटतं."

पावसाळ्यात नदीला पाणी वाढलं आणि शहराबाहेरच्या एका रोपवाटिकेत दोन कामगार अडकले. आम्हाला बोलावणं आलं. चौदा-दहाला, म्हणजे दुपारी दोन-दहाला, कांबळे आणि दोन जवान बोटीतून गेले. जादा जॅकेट एकच होतं. परतताना, झाडांच्या आड, बोट उलटली. दोन जवान आणि एक कामगार दोर धरून बाहेर आले. कांबळे आणि दुसरा कामगार वाहून गेले.

"ड्रोन सोडा," मी म्हणालो.

चौदा-बत्तीसला बाराही वर गेले. चौदा-एकेचाळीसला स्क्रीनवर खूण उमटली. बाभळीत अडकलेलं नारिंगी जॅकेट, आत हलणारा माणूस.

"सापडले, सर," केतकी म्हणाली. काठावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी दुसरी बोट पाठवली. बाराही ड्रोन वळले आणि शिस्तीत येऊन उतरले.

चौदा-पन्नासला रेडिओ वाजला. "साहेब, हा कामगार आहे. कांबळेनं स्वतःचं जॅकेट याला घातलं होतं. ओव्हर."

ड्रोननी शिकवलं तेच केलं. एक जॅकेट दिसलं, काम संपलं. शिकवणारे आम्ही. सव्वीस वर्षं मी सकाळ-संध्याकाळ जवानांची गिनती घेतली, आणि त्या दिवशी दोन माणसं पाण्यात असताना एकावर थांबलो. मला स्वतःचीच चीड आली, आजही येते.

केतकीनं लॅपटॉप पुढे ओढला. "जॅकेटची अट काढते. फक्त माणूस. चार मिनिटं द्या."

"तीन."

तिनं तीनमध्ये केलं. तोवर आम्ही बॅटऱ्या बदलल्या. पंधरा-सहाला कांबळे पुलाच्या खांबाशी सापडला. डॉक्टर काठावरच होते. त्यांनी बराच वेळ प्रयत्न केला. उशीर झाला होता.

त्याच आठवड्यात आम्ही प्रोग्रॅम बदलला. आता उडण्याआधी माणसांचा आकडा भरावा लागतो. तो पुरा होईपर्यंत शोध थांबत नाही. यानं काम हळू होतं, असं कंपनीतली मुलं म्हणतात. होऊ दे म्हटलं.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध पद्धतीच्या शोकविधीच्या दिवशी कांबळेच्या घरी गेलो. त्याच्या आईंना सगळं सांगितलं, शोध थांबला होता ती नऊ मिनिटंसुद्धा. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"तो दुसरा वाचला ना?" त्यांनी विचारलं.

"वाचला."

"मग एकदा घेऊन या त्याला."

रविवारी घेऊन गेलो. तो मान खाली घालून बसला. आई त्याच्याकडे बघत राहिल्या.

"पोहता येतं का रे तुला?"

"नाही, आई."

"अमोलला यायचं," त्या म्हणाल्या. "म्हणून दिलं त्यानं."