गरम झाल्यावर विझणारे दिवे

शेतावर भाजीची पोती भरत होते तेव्हा दस्तगीरचाचांच्या मुलीचा, शबानाचा फोन आला. "अब्बा गेले, ताई... पहाटे, झोपेतच." फोन ठेवला आणि मी पुन्हा पोती भरू लागले. माल साताऱ्याला न्यायचा होता आणि आता जायचंही तिथंच होतं. त्याला पाच आठवडे होऊन गेले.

दस्तगीरचाचा साताऱ्यात गाड्यांचं वायरिंग करायचे. चार वर्षांपूर्वी आमच्या जुन्या पिकअपमुळे त्यांची ओळख झाली. नवरा फौजेत, त्यामुळे पाचगणीजवळच्या शेतावरचा माल खाली न्यायचं काम माझ्याकडे. त्या पावसाळ्यात भर दुपारी घाटात धुकं इतकं दाटलं होतं, की बॉनेटसुद्धा धड दिसेना. तेवढ्यात हेडलाइट पिवळे पडले आणि विझले. समोरून आलेल्या टॅक्सीला मी दिसलेच नाही. तिनं माझा आरसा तोडून नेला, बाकी थोडक्यात निभावलं. पुढं तीन गॅरेज झाली. कुणी बल्ब बदलले, कुणी फ्यूज. त्यांच्या दारात दिवे छान लागायचे आणि घाटात अर्ध्या तासानं जायचे. सासरे म्हणाले, "इकून टाक ती गाडी. आन् घाट बंद कर आता." मी मात्र मनाशी ठरवलं, गाडीही सोडायची नाही आणि घाटही.

चाचांकडे गेले तेव्हा ते दुकानात खुर्चीवर बसले होते. त्याच्या वर्षभर आधी अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात गेला होता. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली, तरी शटर रोज उघडायचं. माझं सगळं ऐकून ते म्हणाले, "हात तुजं, डोस्कं माजं. चालंल?" मी हो म्हटलं. त्यांनी इंजिन चालू ठेवून हेडलाइट लावायला सांगितले आणि चहा मागवला. "आता बस निवांत. गाडी गरम झाल्याबिगर दुखणं सांगायची न्हाई." मला वाटलं, गंमत करतायत. पण ते बसून राहिले, नजर दिव्यांवरून हलली नाही... चाळीसेक मिनिटांनी दिवे पिवळे झाले आणि गेले.

"उठ! थंड व्हायच्या आत बघ." त्यांनी दोन वायरींचा एक छोटा बल्ब माझ्या हातात दिला. एक टोक गाडीच्या पत्र्याला धरायचं, दुसरं वायरीला लावत पुढं जायचं. स्विचच्या अलीकडं बल्ब पेटला, पलीकडं पेटेना. स्विच उघडला तर आतलं प्लास्टिक वितळून काळं पडलेलं. मग त्यांनी हेडलाइटचा बल्ब काढायला लावला आणि वळवून बघितला. "एवढा मोठा बल्ब कुणी बसवला?" मी खाली मान घालून म्हणाले, "मीच, चाचा. धुक्यात दिसावं म्हणून. गॅरेजवाल्यांकडूनही तसलेच घालून घेतले." ते रागावले नाहीत. "जुन्या स्विचला त्येवढं वजं पेलत न्हाई, पोरी. आपण रिले घालू. मग स्विच फकस्त हुकूम देनार, वजं रिले उचलनार." संध्याकाळपर्यंत ते सांगत गेले, मी जोडत गेले. त्यानंतर दिवे पुन्हा कधी गेले नाहीत.

साताऱ्याला गेले की मग माझा तास-दोन तास त्यांच्या दुकानातच जायचा. त्यांचा डावा हात वायर पिळायला शिकत होता. एकदा पक्कड चार वेळा निसटली, तेव्हा त्यांनी ती चिडून रस्त्यावर भिरकावली. थोड्या वेळानं हळूच म्हणाले, "आण गं ती." दिवाळीपर्यंत त्या हातानं एक जोड पक्का बसला. तो त्यांनी मला दोनदा ओढून बघायला लावला.

गेल्या आठवड्यात शबानाकडे गेले. ती दुकान रिकामं करायला निघाली होती, मीही सोबत गेले. आत दिव्यांच्या दुरुस्तीला आलेली एक जीप उभी होती. डॅशबोर्ड उघडा, वायरी बाहेर, आणि तपासून झालेल्या प्रत्येक वायरीला चिंधीची सैल, वाकडी गाठ... डाव्या हातानं मारलेली. पाच वायरींना गाठी होत्या, सहावीपासून पुढच्या मोकळ्या. जीपवाला दोनदा चौकशी करून गेला होता. "त्याला काय सांगू, ताई?" शबानानं विचारलं.

मी जीपमध्ये चढले आणि सहाव्या वायरीपासून सुरुवात केली. दोष नवव्या वायरीत सापडला, तोही दुसऱ्या दिवशी. जीपचा दिवा लागला तेव्हा शबाना उठली. अर्धवट ओढलेलं शटर तिनं दोन्ही हातांनी वर ढकललं, पार वरपर्यंत.