लॅपटॉप अपडेट झाल्यापासून

वडील गेले त्याच्या बाराव्या दिवशी संध्याकाळी मी लॅपटॉप उघडला. इतके दिवस तो कपाटावर पडून होता. चालू करताच त्यानं निळा पडदा दाखवला, अपडेट चालू आहे, बंद करू नका, असं बजावलं आणि तासभर टक्के मोजत बसला. मीही समोर बसून राहिले. पाहुणे निघून गेले होते, आई मागं मोठी पातेली घासत होती. त्या तासाबद्दल एवढंच आठवतं, की मला बरं वाटत होतं. कुणीतरी थांबा म्हणून सांगितलंय आणि आपण थांबलोय, यात करायचं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कामाला लागले आणि नेट रखडायला लागलं.

मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम कोल्हापुरातल्या आमच्या घरून करते. विम्यासाठी लोकांनी पाठवलेले हॉस्पिटलचे कागद कंपनीच्या वेबसाइटवर उघडायचे, नीट आहेत का बघायचं आणि पुढं ढकलायचे. आधी एक कागद उघडायला पापणी लवायचासुद्धा वेळ लागत नसे. आता गोल चक्र फिरत राहायचं. मी चहा ठेवून, उकळून, गाळून यायचे, तरी ते फिरतच असायचं. मोबाइलचं नेट जोडून काम करायला कंपनीत परवानगी नाही, त्यामुळं ती वाटही बंद होती.

चौथ्या दिवशी आमच्या टीमच्या बाईंचा फोन आला. बाई वाईट नाहीत. त्यांनी आधी आईची चौकशी केली, मग म्हणाल्या, "हे बघ, सोमवारपर्यंत नेटचं काय ते कर. नाहीच जमलं तर इथं ऑफिसला येऊन बस. मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

मी पुण्याला गेले तर आई घरात एकटी राहणार होती. मला भाऊ नाही, बहीण नाही. लग्न करून आल्यापासून आई एक रात्रही एकटी झोपलेली नाही. तिचं माहेर मुरगूडचं, पण तिथं आता तिला ओळखणारं कुणी उरलेलं नाही. तेव्हा सोमवारच्या आत नेट सुधारायचं, एवढी एकच गोष्ट माझ्यापुढं होती. खरं सांगायचं तर ती होती याचा मला आधारच वाटत होता. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती. निदान हे एक काम होतं.

मी कामाला लागले. आपण एखाद्या गोष्टीच्या मागं लागलो की हात धुऊन लागतो, हा गुण वडलांकडनं आलाय. मोबाइलवर वाचून वाचून एकेक उपाय केला. ब्राउझरला चिकटलेली जादा बांडगुळं काढली. अँटिव्हायरस बंद केला, परत चालू केला. मागच्या मागं काही डाउनलोड होतंय का ते पाहिलं. ब्राउझर पुसून नव्यानं घातला. त्याआधी जुनी हिस्टरी काढून टाकायची होती, ती यादी समोर आली; मोबाइलवर शोधलेलंही तीत आलं होतं. क्रिएटिनिन किती असावं. डायलिसिस किती वर्षं चालतं. पेशंट ओळखत नाही का. मग मधले चार दिवस काहीच नाही. मग, बाराव्याला काय काय लागतं. खाली विचारलं होतं, सगळं पुसायचं का? पुसलं. काही वाटलं नाही, आणि काही वाटलं नाही याचंही काही वाटलं नाही.

इथं बोर्डाबद्दल सांगायला हवं. कोल्हापुरात वाढदिवस असो की मयत, चौकात डिजिटल बोर्ड लागल्याशिवाय ते झालं असं कुणी धरत नाही. माझे वडील उद्यमनगरात लेथवर टर्नर होते. त्यांचा बोर्ड त्यांच्या शॉपमधल्या लोकांनीच केला, आणि ही सगळी मंडळी लोखंडात जन्म घालवलेली. नुसत्या कापडी फ्लेक्सवर त्यांचं भागेना. चौकोनी पाइपची चौकट वेल्डिंग करून घेतली, तिच्यावर अखंड पत्रा मारला, पत्र्यावर फोटो चिकटवला. कुणाचा हात कापू नये म्हणून चारी कोपरे ग्राइंडरनं घासून गोल केले. फोटो कुठल्याशा लग्नातला, फेटा बांधलेला. वडील त्यात असे हसतायत, की घरात आम्ही त्यांना तसं हसताना कधी पाहिलेलं नाही.

बाराव्याला तो बोर्ड चौकातनं उतरवला आणि टेम्पोत घालून आमच्या दारात आणून दिला. आता टाकणार कुठं? त्यावर माणसाचं तोंड आहे. माळ्यावर तो मावेना. आई म्हणाली, गेलेल्या माणसाचा फोटो दक्षिणेलाच असावा. म्हणून बाहेरच्या खोलीत, आम्ही तिला सोपा म्हणतो, दक्षिणेच्या भिंतीला टेकवून उभा केला. माझ्याएवढाच उंच. तेव्हापासून आम्ही दोघी त्याला वळसा घालून ये-जा करत होतो. आई सकाळी त्याला उदबत्ती ओवाळायची आणि येणारा-जाणारा चप्पल काढून हात जोडायचा.

शुक्रवारी इंटरनेटच्या लाईनवाल्याला बोलावलं. चाळिशीचा माणूस, हातकणंगल्याहून रोज येतो. त्यानंही आधी बोर्डाला नमस्कार केला. आमचा राउटर त्याच भिंतीतल्या कोनाड्यात असतो. लाईनवाल्यानं अंग चोरून बाजूनं हात आत घातला, वायर काढली, स्वतःचं यंत्र जोडून बघितलं.

"लाईन एकदम ओके हाय, ताई. फुल स्पीड येतंय हितं."

"लॅपटॉप अपडेट झाल्यापासून असं होतंय."

"मग तिकडंच बघा की," तो म्हणाला. चहा पिताना त्यानं एकदा बोर्डाकडं बघितलं, एकदा आईकडं बघितलं. काहीतरी बोलेल असं वाटलं, पण कप खाली ठेवून निघून गेला.

त्याच्या सांगण्यावरनं माझा संशय पक्का झाला. शनिवारी मी अख्खं अपडेटच काढून टाकलं. पुन्हा तासभर निळा पडदा, पुन्हा टक्के. लॅपटॉप महिन्यापूर्वी होता तसा झाला. कागद उघडून बघितला. चक्र फिरतच होतं. आईनं दारातनं विचारलं, "झालं का गं?" मी म्हटलं, "होईल."

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर लाईनवाल्याचा फोन आला.

"ताई, रागावू नका. परवा आईसमोर बोलवंना मला. त्यो वडलांचा बोर्ड हाय न्हवं, त्याच्या मागं तुमचा राउटर दडलाय. एवढ्या पत्र्यातनं वाय-फाय भाईर यायचं कसं? लॅपटॉपला कायबी झालेलं न्हाय. बोर्ड जरा बाजूला घिऊन बघा की."

मी फोन धरून सोप्यात उभी राहिले. लॅपटॉप आतल्या खोलीत, राउटर कोनाड्यात, मध्ये लोखंडी चौकटीत वडील. दोन्ही एकाच दिवशी सुरू झालं होतं, अपडेट आणि बोर्ड. तिथं कपाट ठेवलं असतं तर मी पहिल्याच दिवशी हलवून बघितलं असतं. आठवडाभर ब्राउझरची आतडी बाहेर काढली आणि या पत्र्याला बोट लावायचं मनातही आलं नाही. मला स्वतःचा राग आला, पण तोही फार वेळ टिकला नाही.

आईला सांगितलं. तिनं पदरानं फोटोवरची धूळ पुसली, मग एक बाजू धरली. दुसरी मी धरली. जड होता. दोनदा खाली टेकवत आम्ही तो आईच्या खोलीत नेला.

"हितं तरी दक्षिण हाय न्हवं?" आईनं विचारलं.

"हाय," मी म्हटलं.

मग टेबलाशी बसून मी एक कागद उघडला. उघडला. दुसरा, तिसरा, दहावा. क्लिक करायचा अवकाश, की कागद समोर. आणि मला वाईट वाटलं, साधंसुधं नाही, चांगलंच वाईट वाटलं. बारावा झाल्यापासून पहिल्यांदा काहीतरी वाटत होतं आणि ते हे होतं, की आता पुण्याला जायचं कारण संपलं. मला जायचं होतं. त्या रखडणाऱ्या नेटवर पुण्यातल्या एका लेडीज होस्टेलचं पान मी दोनदा उघडलं होतं. खोलीचे फोटो एकेक करून खाली येईपर्यंत थांबले होते, आणि ते थांबणं मला जड गेलं नव्हतं.

बाईंना फोन करून नेट झालं म्हणून कळवलं. "छान झालं," त्या म्हणाल्या. "आता आईजवळ राहता येईल तुला."

बाहेर आले तर आई उंबऱ्याशी मेथी निवडत बसली होती.

"आता जायाला लागणार न्हाय न्हवं पुण्याला?"

"न्हाय."

तिनं आणखी चार काड्या निवडल्या. मान वर न करता म्हणाली, "जायाचं हुतं व्हय गं तुला?"

नाही म्हणायला काही लागत नव्हतं. एवढ्या दिवसांत किती जणांना मी ठीक आहे म्हणून सांगितलं होतं, त्यात अजून एक. पण मी म्हटलं, "व्हय."

आई रागावली नाही. देठ एकीकडं, पानं एकीकडं करत राहिली.

"मलाबी जायाचं हाय गं," ती म्हणाली. "सकाळी डोळं उघडलं की वाटतंय, पायात चप्पल घालावी आन् निघावं. पर मला कुणी बोलवलंच न्हाय की कुठं."