आडव्या बाटलीचं मतदान

देशी दारूच्या दुकानांचे परवाने ज्या खात्यातून निघतात, त्या खात्यात मी यवतमाळला कारकून होतो. कापसाची ती वाईट वर्षं. पांढरकवड्याकडच्या एका गावातून एक विधवा बाई आमच्याकडे आली. गावातलं दुकान बंद व्हावं म्हणून तिनं दारोदार फिरून बायकांच्या सह्या आणि अंगठे गोळा केले होते. तिचा तिशीतला मुलगा दुकान उघडायच्या आधीच दारात जाऊन बसतो, हे तिनं पहिल्याच भेटीत सांगितलं. तेही अर्जात लिहायचं असतं असं तिला वाटलं असावं.

मी नियम समजावला. मतपत्रिकेवर दोन बाटल्या, उभी आणि आडवी. गावच्या यादीत जेवढ्या बायका, त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला तरच दुकान बंद.

"अन् ज्या आल्याच नाही त्या?"

"त्या उभीच्या बाजूनं गेल्यासारख्याच."

तिनं यादी वाचून दाखवायला लावली. मधेच थांबवायची. "हे मेली. हे बी मेली, तीन वर्सं झाले. हे तं लगन होऊन उमरखेडले गेली."

"नावं काढणं आमच्याकडे नाही, मावशी. आहे ती यादी आम्ही घेतो."

"मंग मेलेल्या बायका बी दारूलेच मत देतेत का, साहेब?"

मी फाईल बंद केली.

मतदानाची तारीख ऐन वेचणीत आली. तारीख पुढं ढकला, असा अर्ज तिला करता आला असता. मला ते माहीत होतं. साहेबांना प्रकरण लवकर निकालात काढायचं होतं आणि तिनं काही विचारलं नव्हतं. मी गप्प राहिलो.

शाळेत मतदान झालं. सकाळी रांग होती, दुपारी ती तुटली. बऱ्याच जणी कापूस वेचायला आदिलाबादकडे गेलेल्या. उरलेल्यांना बोलवायला ती शेताशेतांतून धावत होती. "चाल वो माय, शिक्का मारून लगेच वापस ये," म्हणत एकेकीला हाताला धरून आणत होती.

मोजणीत उभ्या बाटलीला जेमतेम मतं पडली. आडवीचा ढीग बघून दाराशी उभ्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या. मग निकाल वाचला गेला. यादीतल्या निम्म्या बायकांचा आकडा थोडक्यात हुकला होता. दुकान चालू राहणार होतं.

"पण जास्त मतं तं आमचेच हायेत ना?" तिनं मला विचारलं.

"हो. पण पुरेशी नाहीत, मावशी."

ती शाळेच्या पायरीवर बसली. आमची जीप निघाली तेव्हाही तिथंच होती.

पुढच्या वर्षी तपासणीला मी त्याच दुकानात गेलो. परवाना भिंतीवर, दरपत्रक लावलेलं, वेळा पाळलेल्या. मी तिची चौकशी केली.

"तिचा पोरगा पोळ्याच्या आधी गेला," दुकानदार म्हणाला. "मंग लेक तिले घेऊन गेली. काहून, काही काम होतं काय?"

"नाही," मी म्हणालो. तपासणीच्या कागदावर 'सर्व नियमानुसार' असं लिहिलं आणि सही केली.