मागच्या दाराचं मिसकूट

दत्ताराम स्वस्थ बसलेला गोव्यातल्या पार्से गावात कुणी पाहिलेला नाही. शिरगावच्या खाणीवर टिपर चालवायचा तेव्हा बसावं लागे, पण तेव्हा निदान खालची गाडी हलत असे. खाणी थांबल्या, टिपर विकला, आणि दत्ताराम घरी आला तो अंगणात फेऱ्या घालायला. भाड्याच्या स्कूटर, कोंबड्या, बाटलीतलं शहाळ्याचं पाणी असे तीन धंदे त्याने चार वर्षांत उघडले. बंद करायला त्याहून कमी वेळ लागला.

घर चालत होतं बायकोच्या, भाग्यलक्ष्मीच्या मिसकुटावर, म्हणजे कैरीच्या लोणच्यावर. मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी, आमच्याकडची पुरुमेंत, भरायची वेळ आली की बत्तीस घरांतल्या बायका आपापली रिकामी बरणी घेऊन तिच्याकडे येत. कुणाच्या घरी मीठ बेताचं लागतं, कुणाला हिंग चालत नाही, सगळं तिला पाठ. बायका भर दुपारी येत, मागच्या दाराने येत, बरणी पदराखाली धरून येत. या तीन गोष्टींचं दत्तारामला कधी नवल वाटलं नव्हतं. नवऱ्यांना सहसा वाटत नाही.

एप्रिलात डिचोलीला छोट्या व्यावसायिकांसाठी मार्केटिंगची मोफत कार्यशाळा झाली. शिकवणारा परेश पणजीचा, ऐन उन्हाळ्यात कोट घातलेला, पण हुशार. त्याचा पहिला सल्ला असा : जाहिरात करण्याआधी दहा गिऱ्हाइकांना विचारा, की तुम्ही आमच्याकडेच का येता? आणि उत्तर मिळेपर्यंत काहीही करू नका.

हा सल्ला दिला जात असताना दत्ताराम बाहेर व्हरांड्यात फेऱ्या घालत होता. तो आत आला तेव्हा दुसरा सल्ला चालू होता : समाधानी गिऱ्हाइकांची नावं लोकांपुढे आणा.

त्याने आणली. मे लागताच बायकोकडून गोड बोलून बत्तीस नावं काढून घेतली आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. वर ठळक अक्षरांत, ‘भाग्यलक्ष्मीचं मिसकूट. आमच्यावर विश्वास ठेवणारी घरं.’ खाली यादी, घरातल्या सुनेच्या नावासकट.

त्या दुपारी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कैऱ्या चिरून मीठ लावून झाल्या होत्या. ही घरं तुटली तर पावसाळा कशावर काढायचा, या विचाराने भाग्यलक्ष्मी भांडी जरा जोरात आपटू लागली. दत्ताराम फाट्यापर्यंत जाऊन रस्ता बघून येई. रस्ता जागेवरच असे.

तिसऱ्या दिवशी यादीतली गंगावैनी आली. मागच्या दाराने, पण हात रिकामे.

“गे भागी, वीस वर्सां माझी सासू पावण्यांका सांगता, आमच्या सुनेच्या हातचा मिसकूट खावन बघा म्हणान. आता काय सांगतली?”

“तिका खंय वाचूक येता?” भाग्यलक्ष्मीने विचारलं.

“नातीन वाचून दाखयल्यान. दोनदा.”

दत्ताराम दाराआड उभा होता. परेशच्या पहिल्या सल्ल्याचं उत्तर त्याला आयतं मिळालं, फक्त तीन दिवस उशिरा. सासवांच्या लेखी बत्तीस घरांतलं मिसकूट बत्तीस सुनांनी स्वतः घातलेलं होतं. मालाला नाव नव्हतं, हाच तर माल होता.

गंगावैनी गेल्यावर भाग्यलक्ष्मी नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. “फोन काढा. लिवा : यादी चुकान पडली. ती मिसकुटाची न्हय.”

“मगे कसली?”

ती विहिरीकडे बघत होती. “पंपाची. जेंचे पंप तुमी दुरुस्त करतास, तेंची.”

“माका पंपातला काय कळता?”

“मिसकुटातला कळत होता?”

दुसऱ्या दिवसापासून दत्ताराम पान्यांची पिशवी घेऊन भर उजेडात घरोघर जाऊ लागला. पिशवीत पान्यांखाली बरणी, ज्या घरची त्या घरच्या चवीची. पण सासवा ओट्यावर बसलेल्या असत आणि आलाच आहेस तर बघ म्हणत, त्यामुळे पंप खरोखर उघडावा लागे. पहिले दोन त्याने बिघडवले. पाचवा आपोआप चालू झाला. दहाव्यानंतर त्याला समजू लागलं. जूनपर्यंत बत्तीसपैकी एकोणतीस घरं परत आली, आणि यादीत नसलेले लोकही पंपासाठी बोलावू लागली.

पावसाळ्यानंतर परेशने पुन्हा कार्यशाळा घेतली आणि दत्तारामला व्यासपीठावर उभं केलं. “यांचा घरगुती लोणच्याचा व्यवसाय आहे. यशाचं गुपित सांगा!”

जन्मात पहिल्यांदा माईक हातात आला होता. सांगण्यासारखंही होतं. दत्तारामने समोर पाहिलं. तिसऱ्या रांगेत गंगावैनी, शिवणकामाचा धंदा काढायचं मनात घेऊन आलेली. शेजारी तिची सासू, जेवण होतं म्हणून. गंगावैनी डोळ्यांनीच नको नको म्हणत होती.

दत्तारामने वजन या पायावरून त्या पायावर टाकलं. मग परत या पायावर.

“लोणच्याचा न्हय,” तो म्हणाला. “मी पंप दुरुस्त करतंय.”

“पण फॉर्मवर तर मिसकूट...”

“चुकान पडला.”

“आमचो पंप हेणीच केलो!” सासू जागेवरूनच ओरडली. “बरो चलता!”

टाळ्या पडल्या. दत्ताराम खाली येऊन खुर्चीवर बसला. पाय मात्र हलतच होता.