पेटीवरचा ओरखडा

दाजी म्हणजे अत्यंत शांत माणूस, आणि त्याच्या नशिबी मेव्हणे आले ते झुंजीचे दोन रेडे. सासऱ्यांचा पत्रे कापायचा कारखाना होता. ते गेले आणि तेराव्या दिवसापर्यंतही कुणाला दम निघाला नाही. थोरल्याने पान्याने धाकट्याचे दोन दात पाडले. धाकट्याने थोरल्याच्या कानाचा लचका तोडून शांतपणे थुंकला. दोघांची तक्रार एकच: "हा माझी डिझाइनं चोरून बघतो."

दोघांचे संगणक आणि कापायची यंत्रं भिंतीवरच्या एकाच नेटवर्क स्विचला, म्हणजे वायरी खोचायच्या भोकांच्या पेटीला, जोडलेली. ती पेटी गेली की दोघांचाही धंदा बसणार. आणि ती सांभाळणारा नेटवर्कवाला होता दाजी.

त्याने पेटीच्या आतच दोन व्हीलॅन करून टाकले. "डावीकडची भोकं थोरल्यांची, उजवीकडची धाकट्यांची. पेटी एक, पण आत जाळी दोन. याचं त्याला दिसणार नाही."

"भिंत कुठंय?" थोरल्याने विचारलं.

"ती दिसत नाही. सेटिंगमध्ये आहे."

"दाजी," धाकटा म्हणाला, "माझे दात कमी झालेत, अक्कल नाही."

तो गेला आणि ग्राइंडर घेऊन आला. "दोन तुकडेच करतो. अर्धी त्याची, अर्धी माझी."

चाक पेटीवर टेकलं, ठिणग्या उडाल्या आणि मागून थोरल्याची पहार धाकट्याच्या खांद्यावर बसली. ग्राइंडर सुटणार तेवढ्यात दाजीने आयुष्यात पहिल्यांदा घाई केली. पेटी वाचवायला हात मध्ये घातला. चाकाने कोपरापर्यंत मांस उघडं केलं. रक्त भिंतीवर, धाकट्यावर, छतावर.

"आधी प्लग काढा," दाजी म्हणाला आणि खाली बसला.

दोघांनी त्याला एकत्र उचलून दवाखान्यात नेलं. तिथे बहीण आली, नवऱ्याचा हात बघितला आणि सलाइनचा दांडा उपसून दोन्ही भावांना असं बडवलं, की नर्सला आणखी दोन खाटा मागवाव्या लागल्या.

पेटी वाचली. झाकणावर मधोमध खोल ओरखडा राहिला. थोरल्याने त्यावर बोट फिरवलं.

"ही झाली भिंत. आधीच का नाही घातलीत, दाजी?"

"खरंय," धाकटा म्हणाला. त्या दिवसापासून मारामारी बंद.

पुढे उजवीकडचं एक भोक मेलं. दाजीने टाक्यांच्या हाताने धाकट्याची वायर डावीकडे खोचली आणि सेटिंग बदललं. मग भोकं झाकली जातील आणि ओरखडा तेवढा दिसत राहील असं पत्र्याचं दार पेटीला बसवलं आणि किल्ली बायकोकडे दिली. ती मागायची दोन्ही भावांची अजून छाती झालेली नाही.