तिच्या वतीने ठेवलेला नारळ

आमच्या घराण्यात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. लग्नकार्यात जेवणं आटोपली की कोणीतरी म्हणतंच, "आता ती सरपंचाची गोष्ट होऊ दे." मग मी सुरू करतो. आमदारांचा आवाज काढतो, देवळात देवीला गाऱ्हाणं घालणाऱ्याची नक्कल करतो, माणसं पोट धरून हसतात. बायको तिथे असली तर उठून आत जाते. तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं की ही गोष्ट हसण्याची नाही. मला वाटायचं, तिला भांडी आवरायची असतील.

मी गोव्यातल्या पेडण्याकडचा, एका अनुदानित शाळेत हेडक्लार्क. अर्ज, खुलासे, टिपणं यांत माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही असं मी मानतो. दुसऱ्या कोणी तसं म्हटल्याचं आठवत नाही. बायको डिचोलीची. तिचं माहेर खाणीच्या रस्त्याला लागून. दिवसभर खनिजाचे ट्रक दारावरून जायचे, त्यामुळे त्या घरातली सगळी माणसं ट्रकच्या वर आवाज चढवून बोलतात. लग्नानंतर पहिलं वर्षभर माझ्या आईला वाटे, सून भांडते आहे. ती मीठ मागत असे.

आमचं गाव हरमलच्या अलीकडे, पंचायत सात वॉर्डांची. एका निवडणुकीला आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. बातमी आली त्याच संध्याकाळी आमच्या सोप्यावर सात-आठ माणसं जमली, सगळे पुरुष. कोणाच्या बायकोला उभं करायचं यावर चर्चा. एकाची बायको दुबईला होती, दुसऱ्याची बोलतच नव्हती, तिसऱ्याची फार बोलत होती. माझीही फार बोलायची, पण मी कागदपत्रांतला माणूस म्हणून मत माझ्यावर पडलं. म्हणजे तिच्यावर. ती आत कांदा चिरत होती. एकाने तिथूनच हाक मारून तिला सांगितलं, "वैनी, तुमका उभ्या रवचा आसा."

"आणि निवडून आयलंय तर?" तिने आतून विचारलं.

"त्याची काळजी करू नकात. घोव आसा मगो तुमचो!"

सगळे हसले. घोव म्हणजे नवरा, म्हणजे मी. मीही हसलो, आणि खरं सांगायचं तर छाती थोडी फुगलीही.

ती निवडून आली. पंचायतीच्या निवडणुकीत पक्षाचं चिन्ह नसतं, पण कोण कोणाचा माणूस हे सगळ्या गावाला पाठ असतं. आमदारांच्या बाजूचे चार पंच, विरुद्ध बाजूचे तीन. चौघांनाही सरपंच व्हायचं होतं. तेव्हा आमच्याकडे सर्रास होतं तेच झालं: पाच वर्षांचे चार भाग. पंधरा-पंधरा महिने एकेकाने खुर्ची घ्यायची आणि पुढच्यासाठी सोडायची. पहिली पाळी बायकोला, कारण पहिल्या वर्षात कामं काही होत नाहीत आणि बाई सरपंच झाली की फोटो चांगला येतो. पण शब्दावर कोण विश्वास ठेवतो? म्हणून ग्रामदेवीपुढे नारळ ठेवून शपथ घ्यायचं ठरलं.

नेमकी त्याच दिवशी तिची मासिक पाळी आली. ती म्हणाली, "चार दिवस थांबा. मी स्वतः येतंय, नारळ ठेवतंय." पण सरपंचाची निवड दुसऱ्या दिवशी होती. गाऱ्हाणं घालणाऱ्या म्हाताऱ्या गावकराला विचारलं, तर त्याने डोळासुद्धा वर केला नाही. "घोव आयलो म्हणजे बायल आयली," म्हणाला. मी तिच्या वतीने नारळ ठेवला. पंधरा महिने पुरे होताच खुर्ची सोडीन, न सोडल्यास माझ्या घराचं बरंवाईट तुझ्या हाती, असं गाऱ्हाणं झालं, आणि "व्हय म्हाराजा!" सर्वांत मोठ्याने मी ओरडलो.

घरी येऊन मी तिला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "पंधरा म्हयने म्हणान कोणी ठरयला?"

"सगळ्यांनी."

"सगळ्यांत मी आसलंय?"

मी चहा मागितला.

पहिले तीन महिने मी शाळेला अर्धी रजा टाकून तिच्याबरोबर पंचायतीत जात होतो. सरपंचाच्या खुर्चीशेजारी माझी एक खुर्ची असे. पंचायतीचा सचिव कागद माझ्याकडे देई, मी वाचून मान हलवी, मग ती सही करी. लोक मला "सरपंच" म्हणू लागले आणि मी त्यांची चूक दुरुस्त करत नव्हतो. एक दिवस गेलो तर माझी खुर्ची जागेवर नव्हती. शिपाई म्हणाला, "बायन भायर दवरूक सांगली." खुर्ची खरंच बाहेर होती, तक्रारी घेऊन आलेल्या लोकांच्या रांगेत. मी बसलो. माझा नंबर पाचवा होता. माझ्या आधीच्या म्हातारीने विचारलं, "तुजी कसली तक्रार रे पुता?"

हा भाग मी नेहमी रंगवून सांगतो. पुढचा सांगत नाही.

पंचायतीला लागून एक मोकळी जागा आहे. तिथे सकाळी पाचपासून दुपारपर्यंत बायका मासे आणि भाजी विकतात. बायको मासे घेताना एकीला म्हणाली, ऊन एवढं आहे, पाण्याची बाटली का ठेवत नाहीस जवळ? ती बाई म्हणाली, "पाणी पियालां तर जावचां खंय?" तिथे बायकांसाठी एकही संडास नव्हता. पलीकडे पडक्या मांगराच्या, म्हणजे शेतातल्या जुन्या खोपटाच्या, भिंतीआड जोडीजोडीने जायचं, एकीने आडोशाला आणि दुसरीने रस्त्याकडे तोंड करून उभं राहायचं. वर्षानुवर्षं मी त्या बायकांकडून बांगडे घेत आलो होतो. मला हे कधी दिसलं नव्हतं.

बायकोने ठरवलं, आपल्या काळात एवढं एक बांधून व्हायला हवं. पक्षाची तालुक्याची बैठक होती. तिथे बायकांना पहिल्या रांगेत बसवतात, फोटो निघाला की वाढपाकडे बघायला सांगतात. ती वाढपाकडे गेली नाही, उभी राहून संडासाचं बोलली. हशा पिकला. आमदार म्हणाले, "बाई, रस्त्याचो विषय घेया, गटाराचो घेया. हो कसलो विषय?" ती आपल्या डिचोलीच्या आवाजात म्हणाली, "रस्तो तुमी करतात. रस्त्याच्या कडेक ज्यो बायलो बसतत, त्यो मी बघतंय." हसणं थांबलं. मी मागच्या रांगेत खाली मान घालून बुटाची नाडी बांधत होतो. माझ्या पायांत चपला होत्या.

मग तिने फाईल हलवायला घेतली. ठराव, जागेचा नकाशा, ग्रामसभेची मान्यता, तांत्रिक मंजुरी. पेडण्याला बसने जायची, नाही झालं तर परत जायची. माझ्या टिपणांची तिला गरज पडली नाही, हे मला जरा लागलं. चौदाव्या महिन्यात एवढंच राहिलं होतं की कामाचा आदेश हातात यावा आणि पाया खणला जावा. दोन-अडीच महिने लागणार होते.

पुढची पाळी ज्या पंचाची होती, त्याचा पर्यटकांना स्कूटर भाड्याने देण्याचा धंदा. स्कूटर त्याच मोकळ्या जागेत लावलेल्या असत. पंधरा महिने भरले त्या सकाळी तो आमच्या दारात.

"वैनी, झाले मगो."

"आदेश येवंदी. दोन म्हयने दी. मगे माझी मी उठतंय."

तो हसून गेला. तिथून तडक माझ्या शाळेत आला आणि मला नारळाची आठवण करून देऊन गेला.

तिच्याकडे मार्ग होता. विरुद्ध बाजूच्या तिघांनी सांगून ठेवलं होतं, काम सुरू होईपर्यंत आम्ही तुमच्या मागे राहतो. तीन आणि ती, चार. सातांत चार म्हणजे पुरे. "हाडूंदेत अविश्वास ठराव," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर हात वर करून सांगूंदेत, संडास नको म्हणान."

"आणि नारळ?" मी विचारलं.

"नारळ तुमी ठेयलात. मी देवळात नव्हतंय. मी खंय होतंय आणि कित्याक, ता देवीक म्हायत आसा."

चार दिवसांनी हरमलच्या उतारावर माझी मोटारसायकल घसरली आणि उजवं मनगट मोडलं. त्या वळणावर वाळू येते. गावातल्या प्रत्येकाची दुचाकी तिथे एकदा तरी घसरलेली आहे. पण मला वाळू दिसली नाही, देवी दिसली. प्लास्टर घालून घरी आलो. आईने फक्त देवापुढे एक वात जास्त लावली. मी मात्र खुर्ची सोड म्हणून बोलत सुटलो. दोन दिवस बायको ऐकत नव्हती. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "आपली पोरगी परीक्षेला बसली आहे. उद्या तिचं काही झालं तर?"

हे वाक्य मी मुद्दाम वापरलं. ते कुठे लागेल हे मला नीट माहीत होतं.

ती उठून कागद आणि पेन घेऊन आली. माझा हात गळ्यात, म्हणून राजीनाम्याचा मसुदा मी सांगितला आणि लिहिला तिने. इतका बिनचूक मसुदा मी आयुष्यात सांगितला नसेन. "वैयक्तिक कारणास्तव" इथे ती थांबली.

"खंयचां वैयक्तिक कारण?"

"तसं लिहितात."

"माजां की तुमचां?"

मी म्हणालो, पुढे लिही. तिने लिहिलं, सही केली, आणि गटविकास कार्यालयात स्वतः नेऊन दिलं. माझ्याबरोबर येऊ नका म्हणाली.

आदेश आला की नाही, मला माहीत नाही. चौकशी करायला मी गेलो नाही. त्या जागेत आता फरशा घातल्या आहेत आणि स्कूटर ओळीने लावलेल्या असतात. बायकांना रस्त्याच्या अगदी कडेला सरकवलंय. मांगराच्या भिंतीआड अजून जोडीजोडीने जातात. तो पंच पंधरा महिन्यांनी उठला नाही, तीस महिन्यांनीही उठला नाही. त्याने त्या दिवशी स्वतःच्या हाताने नारळ ठेवला होता. त्याचं काही झालं नाही. घरावर खोल्यांचा आणखी एक मजला झाला. एकदा धीर करून मी त्याला शपथेचं विचारलं. तो माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "देवी समजून घेता रे दादा."

बायको त्यानंतर ग्रामसभेला गेली नाही. पक्षाच्या सभेला गाडी भरायची असते तेव्हा महिला आघाडीचा फोन येतो. ती "बरां" म्हणते आणि जात नाही. बाजारातही जात नाही. मासे मी आणतो, आणि वाईट आणतो. घरात तिचा आवाज पहिल्यासारखा ऐकू येत नाही. पाहुणे म्हणतात, वैनी किती शांत झाल्या. आई होती तोवर तिलाही तेच वाटे, आणि बरं वाटे.

गेल्या महिन्यात शेजारचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. तिथलं एक तरुण जोडपं आमच्याकडे आलं. नवरा मला म्हणाला, "काका, तुमका अनुभव आसा, म्हणान इलंव." मी तासभर बोललो. मतदारयाद्या, प्रतिज्ञापत्र, सूचक कोण घ्यावा, सगळं. तो मोबाईलमध्ये टिपून घेत होता. त्याची बायको, वयाने मुलगीच, कडेला बसली होती. मध्येच बायकोकडे वळून तिने हळू विचारलं, "काकी, माका जमतला?"

बायको म्हणाली, "चाय पी. थंड जाता."

ते गेल्यावर मी म्हणालो, "तिला दोन शब्द सांगायचे होतेस."

"तिचां दुसऱ्यांनी ठरवन झालां. ती फक्त येवन बसली," बायको म्हणाली. "तिका काय सांगू? तुमी सांगलात मगो, ज्याका सांगूचा त्याका."

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी अर्जाचा कोरा नमुना त्यांच्या घरी द्यायला गेलो. मुलगी अंगणातच होती, कपडे वाळत घालत होती. मला बघून ती ओले हात पुसत पुढे आली. तेवढ्यात नवरा दारात आला, आणि मी कागद त्याच्या हातात दिला.